वन्सं, मी आणि अर्धकच्ची अंडी

मंगळवार, ५ मे

पोचलो. विमानात मला झोप लागली नाही, कारण वन्संना लागली होती आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. हलले तर जाग्या होतील म्हणून रात्रभर खांदा तसाच धरून बसले. उतरल्यावर त्या मान चोळत म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या खांद्याचं हाड फार टोचतं हो. पण म्हटलं, तुम्हाला तेवढीच सोबत वाटत असेल, म्हणून डोकं ठेवलं तसंच."

ही सहल खरं तर माझी आणि ह्यांची व्हायची होती. तिकिटं काढायची वेळ आली आणि ह्यांचे गुडघे दुखू लागले. संध्याकाळी मित्रांबरोबर टेकडीवर जाताना ते दुखत नाहीत, विमानाचं नाव काढलं की दुखतात. "माझ्याऐवजी तिला ने," म्हणाले. तिला म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला, माझ्या वन्संना. मी लग्न होऊन आले तेव्हापासून वन्सं आमच्या घरात, मागच्या खोलीत. लग्न केलं नाही. नोकरीभर नकाशा-कचेरीत नकाशे काढले, आता निवृत्त झाल्या. आणि आता एकाएकी म्हणतात, ऑफिसातल्या मैत्रिणीचं एक खोली-स्वयंपाकघर रिकामं होतंय, तिथे राहायला जाते. मैत्रिणीला सहलीहून परतण्याआधी कळवायचंय.

हे त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, परक्या मुलखात माणूस मोकळं होतं. तू बोल तिच्याशी. जाऊ नको म्हणावं."

"तुम्हीच सांगा की. बहीण तुमची."

"माझ्याच्यानं नाही होत."

माझ्या मनात काय आहे ते इथे लिहायला हरकत नाही. मागची खोली रिकामी झाली तर शिवणाचं मशीन तिथे जाईल. एक अख्खं कपाट मिळेल. पेपर आधी कुणी वाचायचा हा तंटा मिटेल. पण ह्यांचं मन मोडवत नाही, म्हणून प्रयत्न करायचा. एवढंच.

गुरुवार, ७ मे

आमची खोली एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर आहे. बाई उंच, सडसडीत, आणि दारात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी पायांकडे बघतात. दोन पायपुसणी ओलांडल्याशिवाय घरात प्रवेश नाही: एक ओल्या पायांसाठी, एक कोरड्या. मी त्यांचं नाव पायपुसणीबाई ठेवलंय. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच तुकडीतलं, त्यामुळे छान जमतं. वन्संचं इंग्रजी चांगलं आहे, म्हणून त्यांचं कुणालाच कळत नाही.

खोलीत दोन पलंग. एक खिडकीजवळचा, एक भिंतीकडचा. खिडकीतून झाडं दिसतात, पलीकडे नदी. मी सरळ सामान भिंतीकडे टाकलं आणि म्हटलं, "वन्सं, खिडकी तुम्हाला. मला उजेड सोसत नाही." उजेड मला अतिशय आवडतो. पण पाहुणीचा मान त्यांचा. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले आणि मग गेल्या खिडकीशी.

न्याहारीला पाव, लोणी, चहा आणि प्रत्येकी एक अंडं. ते एका छोट्या पेल्यात उभं करून आणतात. टोपी उडवायची आणि चमच्यानं खायचं. आत सगळं पिवळं वाहत होतं. मी पेला हळूच बाजूला सारणार होते. इतक्यात वन्सं म्हणाल्या, "वा! काय सुरेख!" आणि खायला लागल्या. त्यांना आवडलेलं दिसल्यावर मी तोंड वाकडं कसं करणार? गिळलं.

शुक्रवार, ८ मे

इथला रस्ता ओलांडायचा म्हणजे एक व्रत आहे. रस्ता इकडून तिकडे मोकळा, मांजरसुद्धा नाही. तरी दहा माणसं कडेला उभी, समोरच्या सिग्नलमधल्या लाल बाहुल्याकडे बघत. मी म्हटलं, "चला की." वन्संनी माझा पदर धरला. मी सोडवला आणि गेले. पलीकडे एक आजोबा काठी टेकून उभे होते. त्यांनी मला जे सुनावलं त्यातलं अक्षरही कळलं नाही, आणि तरी सगळं कळलं. आमच्या बालवाडीत मी ह्याच सुरात मुलांना ओरडायची. मान खाली घालून उभी राहिले.

संध्याकाळी तोच रस्ता. एक तरुण लाल असताना निघाला. माझ्या तोंडून आपोआप "ए!" निघालं. तो थांबला! परत आला! वन्सं इतक्या हसल्या की त्यांना दिव्याच्या खांबाला धरावं लागलं.

रविवार, १० मे

वन्सं आणि मी हिंडतो ते दोन वेगवेगळ्या गावांत. त्या नकाशातल्या, मी खऱ्या. चौकात उभ्या राहून त्या नकाशा उलगडतात, वाऱ्यानं तो तोंडावर येतो, त्याच्या आतून त्यांचा आवाज येतो, "वहिनी, उत्तर कुठे?" मी तोवर पाववाल्या बाईला हातवारे करून विचारलेलं असतं. बालवाडीत आयुष्य काढलं की भाषेचं अडत नाही. राजवाडा हवा असेल तर डोक्यावर मुकुट करून दाखवायचा. बाई हसतात, दुकानाबाहेर येतात, वाटेला लावून देतात.

आज मात्र मुकुट करताना वर 'क्राउन' असंही म्हटलं आणि त्यानंच दगा दिला. त्या बाईनं आम्हाला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. क्राउन म्हणजे दातावरची टोपी समजली असावी. डॉक्टर सज्जन. त्यांनी आम्हाला पाणी पाजलं, आणि त्यांच्या मागच्या अंगणातून राजवाड्याची जवळची वाट दाखवली. अंगणात जांभळ्या फुलांचा वेल असा ओथंबलेला की आम्ही राजवाड्यात पोचलो तेव्हा तो बंद होऊन गेला होता. कुणालाच वाईट वाटलं नाही.

"नकाशात हे नव्हतं," वन्सं म्हणाल्या.

"नकाशात नसतंच हो काही."

"असतं. पण लोकांच्या अंगणात शिरायचा आमच्या कचेरीला अधिकार नव्हता."

खोलीचा विषय काढायचा होता. इतक्या छान दिवशी नको वाटलं.

मंगळवार, १२ मे

पहाटे जाग आली. वन्सं पलंगावर नाहीत. खिडकीत जाऊन पाहिलं तर खाली नदीकाठच्या बाकावर एकट्या बसलेल्या. हातात चहा. काल त्यांनी बाजारातून एक कप घेतला, निळ्या काठाचा. "जोडी का नाही घेतली?" विचारलं तर म्हणाल्या, "एकच हवा होता." तो कप घेऊन बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. माझ्या काळजात चर्र झालं. एकटेपणा माणसाला कसा आतून पोखरतो! घरात आम्ही दोघं असून ही बाई एकटी पडलीय. आता खोलीत राहायला गेली तर काय होईल हिचं?

शाल घेतली आणि तशीच खाली धावले. त्यांनी गुणगुणणं थांबवलं, सरकून जागा केली. "या ना वहिनी, बसा." मी बसले. एकटं वाटू नये म्हणून सूर्य वर येईपर्यंत सतत बोलत राहिले. त्या ऐकत होत्या. बरं वाटलं असणार त्यांना.

आता रोज पहाटे त्यांच्याबरोबर बाकावर जायचं ठरवलंय.

अंडं चालूच आहे.

बुधवार, १३ मे

ट्राममध्ये माझ्या शेजारी एक कुत्रा बसला. तिकीट काढलेला, असं त्याच्या मालकिणीनं सांगितलं. डब्यात एवढी शांतता की कुणाच्या पिशवीतला कागद वाजला तरी माना वळतात. कुत्र्यानं माझ्या पायावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मी कुत्र्यांना घाबरते. पण त्याचा एवढा विश्वास बघून पाय हलवेना. आमचा थांबा आला, गेला. वन्सं खुणेनं "उतरा, उतरा" करत होत्या, मी खुणेनं "झोपलाय!" शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे काही नव्हतं, नुसतं एक मोठं कुरण आणि बाजारातून उरलेल्या फुलांची गाडी. गाडीवाल्यानं जाता जाता दोन गुच्छ आमच्या हातात दिले. का, ते विचारायची सोय नव्हती.

संध्याकाळी ह्यांचा फोन. "बोललीस का तिच्याशी?"

"बोलते हो."

"जेवतेय ना ती नीट?"

"फुलं घेऊन बसलीय."

"आणि तू?"

हे कधी नव्हे ते विचारलं. मी म्हटलं, "मी तुमच्या बहिणीची अंडी खातेय." त्यांना काही कळलं नाही.

शुक्रवार, १५ मे

आज जे झालं ते नीट लिहिते.

न्याहारीला पायपुसणीबाईंनी नेहमीसारखी दोन अंडी आणली, मग अजून दोन आणली. "आज जास्त. परवा तुम्ही जाणार. तुम्हाला फार प्रिय, म्हणून." मी म्हटलं, "मला नाही हो, ह्यांना प्रिय." आणि वन्संकडे बोट केलं. त्याच वेळी वन्संचं बोट माझ्याकडे.

बाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी सावकाश, एकेक शब्द मांडत सांगितलं: दुसऱ्याच दिवशी ही बारीक बाई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आमच्या वहिनींना तुमचं अंडं फार आवडतं, रोज द्या. त्यानंतर ही जाड बाई आली (जाड!) आणि म्हणाली, आमच्या वन्संना तुमचं अंडं फार आवडतं, चुकवू नका. म्हणून त्या रोज पहाटे पलीकडच्या गल्लीत जाऊन ताजी अंडी आणतात.

मी वन्संकडे पाहिलं. "तुम्हाला नाही आवडत?"

"मला वासानंच मळमळतं."

"मग 'वा, काय सुरेख' कशाला म्हणालात?"

"तुम्ही नाक मुरडायच्या बेतात होता. म्हटलं, बाईंना वाईट वाटायला नको. मग तुम्ही एवढं भराभर खाल्लंत, मला वाटलं आवडलं!"

"भराभर खाल्लं ते संपावं म्हणून!"

बाई आळीपाळीनं आमच्याकडे बघत होत्या. "तुम्ही दोघी एकमेकींशी खोटं बोलता. रोज. ह्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

वन्संनी विचार करून सांगितलं, "मन राखणं."

बाईंनी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला. मग चारही अंडी स्वतःपुढे ओढली आणि आमच्यासमोर बसून खाल्ली.

वर खोलीत आलो. वन्सं म्हणाल्या, "विचारू का एक? तुम्हाला खरंच उजेड सोसत नाही?"

"आवडतो. तुम्हाला खिडकी नाही आवडत?"

"पहाटेचं ऊन सरळ डोळ्यांवर येतं. रोज तोंडावर टॉवेल घेऊन झोपते."

पलंगांवर बसून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा. खोलीचंही हेच! ह्या बाईला कळलंय की मला मागची खोली हवी आहे. शिवणाच्या मशीनची वाट अडते म्हणून मी कितीदा तरी पुटपुटले असेन. म्हणून, माझं मन राखायला, निघालीय बिचारी घर सोडून. आणि मी ह्यांच्यासाठी म्हणून अडवायला निघालेय, आणि खरं सांगायचं तर ह्यांच्यासाठी नव्हेच. आठ दिवस झाले मी त्या शिवणाच्या मशीनचा विचारसुद्धा केलेला नाही. वन्सं गेल्या तर पेपरातली बातमी वाचून मी "ऐकलंत का वन्सं" कुणाला म्हणू? हे तर "हं" म्हणतात आणि पान उलटतात.

मी जाहीर केलं, "वन्सं, उद्या शेवटचा अख्खा दिवस. उद्या दोघींनी फक्त खरं बोलायचं. मन राखायचं नाही."

त्या जरा घाबरल्यासारख्या झाल्या. मग म्हणाल्या, "बघा हं."

शनिवार, १६ मे

सुरुवात चहापासून झाली.

"तुमचा चहा पांचट असतो, वहिनी. पहिल्या दिवसापासून."

"तुम्ही पेपराच्या घड्या उलट्या घालता."

"तुम्ही माझ्या खोलीत दार न वाजवता येता."

"घरातल्या घरात दार काय वाजवायचं?"

"खरं बोलायचं होतं ना?"

बरं. मी विचारलं, आज काय करायचंय? मला वाटलं संग्रहालय म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला दुपारपर्यंत एकटीनं हिंडायचंय." मी "हो" म्हटलं, पण चेहऱ्यानं काय म्हटलं कोण जाणे. नदीवरच्या पुलापाशी भेटायचं ठरवून त्या नकाशासुद्धा न घेता निघाल्या. पाठमोऱ्या अशा चालल्या होत्या, जशी शाळा सुटलेली मुलगी.

मी माझ्या वाटेनं गेले. एका इमारतीतून वाद्यांचा आवाज आला, म्हणून आत डोकावले. माझ्याच वयाची माणसं जोडीजोडीनं नाचत होती. गाण्यांचा कार्यक्रम समजून मी मागच्या खुर्चीत बसले. एक टकले गृहस्थ आले, कमरेत वाकले, हात पुढे केला. मी साडीकडे बोट दाखवलं, चपलांकडे दाखवलं, गळ्यातल्या मंगळसूत्राकडेही दाखवलं. त्यांनी तिन्ही गोष्टींचं मान डोलावून कौतुक केलं आणि मला उभं केलं. मी नाचले! एक पुढे, दोन मागे, गोल. बालवाडीतल्या बडबडगीतांना ह्याहून अवघड पावलं असतात. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टकल्या गृहस्थांचा पाय मी दोनदा तुडवला होता, तरी त्यांनी परत कमरेत वाकून दाखवलं.

बाहेर आले तर सांगायला कुणी नाही. सगळं तोंडात येऊन थांबलेलं. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिला सांगावंसं वाटलं. एवढी मजा आणि ती पिशवीसारखी एकटीनं उचलून हिंडायची! पुलावर ठरल्याच्या बऱ्याच आधी जाऊन उभी राहिले.

वन्सं आल्या त्या मजेत, सावकाश. मी घडाघडा सांगितलं, पुलावरच पावलंही करून दाखवली. त्या हसून हसून कठड्याला टेकल्या. "आणि दादाला काय सांगणार?"

"गुडघे दुखत होते म्हणून घरी राहिलात ना, मग नाचले दुसऱ्याबरोबर, असं सांगणार."

मग मी विचारलं, तुम्ही काय केलंत? म्हणाल्या, "काही नाही." नुसतं चालल्या. मग नावेत बसल्या, पलीकडे गेल्या, तीच नाव धरून परत आल्या. एका पायरीवर बसून सफरचंद खाल्लं. एवढंच. सांगताना त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मला वाटलं, हीच वेळ.

"वन्सं, आता मी माझं खरं सांगते. ती खोली घेऊ नका. मला मागची खोली नको आहे. मशीन हवं तर मी विकून टाकते. माझं मन राखायला म्हणून तुम्ही घर सोडणार असाल तर सोडू नका. आणि हे ह्यांनी सांगितलंय म्हणून बोलत नाहीये मी, हे माझंच आहे. तुम्ही मला घरात हव्या आहात."

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले. मी मनात म्हटलं, झालं, जिंकले.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही बोललात ते मला जन्मभर पुरेल. पण आज खरं बोलायचंय ना? मग ऐका. मला खोली घ्यायचीय."

"माझ्यासाठी?"

"नाही हो. माझ्यासाठी."

मी पर्स उघडली, मिटली.

"आधी वडिलांच्या घरात, मग दादाच्या. सगळ्यांनी प्रेमानं ठेवलं. पण ठेवलं. मला एकदा स्वतःचं कुलूप हवंय, वहिनी. सकाळी उठून कुणाशी न बोलता चहा प्यायचाय."

"बाकावर?" मी विचारलं. "त्या दिवशी बाकावर तुम्ही..."

"फार सुखात होते," वन्सं म्हणाल्या. मग घाईघाईनं, "म्हणजे तुम्ही आलात तेही..." आणि थांबल्या. खरं बोलायचं होतं. "नाही. तुम्ही यायच्या आधी जास्त सुखात होते."

परत येताना लाल बाहुल्यापाशी दोघी निमूट उभ्या राहिलो. मी रागावले होते. अंडीच बरी होती, असं वाटत होतं.

रविवार, १७ मे

सकाळी डोळे उघडले तर वन्सं माझ्या पलंगावर आणि मी खिडकीशी. काल अदलाबदल केली होती हे विसरलेच होते. तोंडावर ऊन. झाडांच्या मागे नदी. खालचा बाक रिकामा होता. वन्सं अजून झोपलेल्या, तोंडावर टॉवेल नाही, शांत. मी खाली गेले नाही. ऊन अंगावर घेत पडून राहिले आणि राग कुठे ठेवला ते आठवेना.

दुपारी सामान भरताना वन्संच्या त्या मैत्रिणीचा फोन आला. खोलीचं काय ते आजच सांग, दुसरं गिऱ्हाईक दारात आहे. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी साडीची घडी घालत होते, घातलेलीच परत घालत होते.

"हो... म्हणजे काय आहे," वन्सं फोनवर म्हणाल्या, "घरी जरा... दादाशी एकदा बोलते. वहिनींनाही वाईट वाटतंय. एकदोन दिवसांत..."

पुन्हा मन राखायला लागली ही बाई!

मी फोन त्यांच्या हातातून घेतला. "नमस्कार, मी वहिनी बोलतेय. त्या येतायत. नक्की. दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि मोरीचा नळ गळत असेल तर आधी दुरुस्त करून ठेवा."

फोन ठेवला. वन्सं तशाच उभ्या. मी म्हटलं, "दादाला मी सांगते. दोन दिवस जेवणार नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवतील."

त्या पुढे आल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. हाड टोचत असणार. पण ह्या वेळी त्यांनी तक्रार केली नाही, आणि मीही काही मन राखायला उभी राहिले नव्हते.

थोड्या वेळानं माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "मग मी गुरुवारी येईन हं तुमच्याकडे. सकाळीच येते, चहाला."

वन्संनी डोळे पुसले आणि नाकावरचा चष्मा नीट केला.

"सकाळी नको. दुपारी या. आणि आधी फोन करा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला तोंडावर "नको" म्हटलेलं हे पहिलंच. मी "बरं" म्हटलं, आणि बॅगेवर बसून चेन लावायला त्यांना हाक मारली.